गेंड्याची वजावट

२२ डिसेंबर

मामा,

नमस्कार आधी आणि काम मागाहून, असं दर वेळी ठरवते आणि दर वेळी उलटंच होतं. तर काम आधी. फोन केला असता, पण तुमच्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं. शिवाय कराचे प्रश्न तुम्हाला कागदावरच लागतात.

ह्यांच्या डोक्यात गाडी घ्यायचं आलंय. माझ्या लॅबच्या नावावर. कुणीतरी ह्यांना सांगितलं की धंद्यासाठी ठरावीक वजनाच्या वरची गाडी घेतली तर तिची सगळी किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा होते. छोटी घेतली तर वजावट वर्षावर्षाला थोडी थोडी, मोठी घेतली तर एकदम. म्हणजे यंदा मला कर जवळपास भरावाच लागणार नाही. हे खरं आहे का?

मला धंद्यासाठी काय न्यायचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मुठीएवढ्या डब्या, एकेका डबीत एकेक कवळी. दिवसभराचं काम माझ्या पर्समध्ये मावतं. आजवर बसनं नाहीतर पायी जाऊन दातांच्या डॉक्टरांकडे पोचवत आले. हे म्हणतात, पर्समधून दात वाहणारी बाई कधी मोठी होत नाही. नोकरी सोडल्यापासून ह्यांनी धंद्यात लक्ष घातलंय, तेव्हा मीही फार बोलत नाही.

यंदा ऑर्डरी बऱ्या झाल्या, त्यामुळे कर खूप येतोय हे मात्र खरं. इथे कराचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं, म्हणजे नऊच दिवस राहिलेत. लवकर कळवा. हे शेजारीच बसलेत आणि म्हणतायत, मामांना लिही, ते त्यातले बादशहा आहेत.

तुमची
घारू


२६ डिसेंबर

घारू,

बादशहा वगैरे काही नाही. चाळीस वर्षं लोकांचे कर वाचवले, डोक्यावरचे केस तेवढे वाचवता आले नाहीत.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण ज्यानं सांगितलं त्यानं पुढचं सांगितलेलं दिसत नाही. गाडी नुसती नोंदवून भागत नाही, वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती कामाला लागलेली हवी. आणि ती निम्म्याहून जास्त धंद्यासाठीच चालली पाहिजे. एक वर्ष नव्हे, पाच वर्षं. मधल्या कुठल्याही वर्षी धंद्याचा वाटा निम्म्याच्या खाली घसरला, किंवा धंदाच बंद झाला, की कराचं खातं सोडलेला कर परत मागतं. यासाठी वही ठेवावी लागते. प्रत्येक फेरी, तारीख, निघताना मीटरचा आकडा, पोचताना आकडा, कुठे गेलात आणि कशासाठी. तुझी लॅब घराच्या मागच्या खोलीत आहे म्हणून घरातून निघालेली फेरीसुद्धा धंद्यात धरता येईल, तेवढं तुझं नशीब.

आता मामा म्हणून सांगतो. तीस वाचवायला शंभर खर्च करायचे, तेही कर्ज काढून, यात मला शहाणपण दिसत नाही. गाडी खरंच लागत असेल तर घे. लागत नसेल तर मला महिनाभर आधी विचारायचं होतंस, दुसरी वाट काढली असती. वाट नाही असं माझ्या टेबलावर कधी झालेलं नाही.

मामा


३ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र पोचायच्या आधीच गाडी दारात आली होती. तीस तारखेला. कर्जाच्या कागदांवर मी अठरा सह्या केल्या. काळी, सात माणसं बसतील अशी, आणि उंच इतकी की चढताना मला दारावरच्या मुठीला लोंबकळावं लागतं. ती खाली उभी असली की पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत उजेड येत नाही. मी तिचं नाव गेंडा ठेवलंय. हे ऐकून हे जरा नाराज झाले.

एकतीस तारखेला गाडी कामाला लागलेली दिसावी म्हणून आम्ही दोघं एक कवळी पोचवायला निघालो. डॉक्टर चार गल्ल्या पलीकडे बसतात, पायी सात मिनिटं. जागा शोधण्यात पाऊण तास गेला आणि शेवटी जिथे जागा मिळाली तिथून चालत अकरा मिनिटं लागली. डॉक्टर खिडकीतून बघत होते. म्हणाले, आज कवळी आणलीत की आख्खा जबडा?

ह्यांना तुमच्या पत्रातली वहीची गोष्ट फार आवडली. त्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणून स्वतः पट्टीनं रकाने आखले. मला गाडी शिकायला शिकवणी लावलीये. खूश आहेत. मीसुद्धा असेन बहुतेक, अजून नीट बघितलं नाही.

घारू


१४ एप्रिल

घारू,

पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी पोचल्या. जावईबापूंची वही बघून माझा जीव सुखावला. चाळीस वर्षांत असा माणूस मला भेटला नाही. माझ्याकडे लोक चहाचे डाग पडलेल्या चिठ्ठ्या पिशवीत भरून आणायचे आणि म्हणायचे, यातून काय ते काढा. इथे प्रत्येक आकडा शाईनं, प्रत्येक ओळ सरळ. शाबास म्हणावं त्यांना.

धंद्याचा वाटा अठ्ठावन्न टक्के निघतो. ठीक आहे, पण ताणाताण आहे. जावईबापू मासे धरायला तळ्यावर जातात त्या फेऱ्या लांबच्या आहेत, आणि त्यांच्या भावाचं घर हलवायला गाडी पाच वेळा गेलेली दिसते. त्या फेऱ्या कमी करा, नाहीतर धंद्याच्या वाढवा. गणित एवढंच आहे.

मामा


९ नोव्हेंबर

मामा,

तुम्ही सांगितलेलं गणित ह्यांनी सोडवलं. तळ्याच्या फेऱ्या तशाच आहेत, धंद्याच्या वाढवल्या. ह्यांनी फोन करकरून लांबलांबचे डॉक्टर गाठले. आता माझ्याकडे चौदा डॉक्टर आहेत आणि त्यातल्या सहांकडे जायला तास तास लागतो. मी पहाटे उठून मेण वितळवते, दात बसवते, साचा भट्टीत लावते, आणि नऊला गेंड्यावर चढते. परत येऊन घासायचं, चकाकी आणायची. परवा एका आजोबांची कवळी घासताना डुलकी लागली आणि त्यांच्या पुढच्या दाताची कड गेली. नवा बसवला दात. न सांगता.

एक गंमत सांगते. रोज संध्याकाळी हे खाली जाऊन मीटर वाचतात आणि वहीशी ताडून बघतात. गेल्या मंगळवारी चार किलोमीटर जास्त निघाले. मी म्हटलं, चुकून पुढच्या वळणावर वळले असेन. हे रागावले नाहीत. हे कधी रागावत नाहीत, हसतात. हसत म्हणाले, मला काय सांगतेस, खात्याला काय सांगशील? मग नकाशा काढून बसलो आणि ते चार किलोमीटर शोधले. दीड तास लागला. शेवटी सापडले. मी एका शाळेच्या बाजूनं आले होते, कारण तिथे झाडं आहेत.

मामा, असं चार किलोमीटरसुद्धा कारण देऊन लिहावं लागतं का हो? खात्याला एवढं लागतं?

घारू


१७ नोव्हेंबर

घारू,

लागतं. चार किलोमीटर आज, चाळीस उद्या. वहीवर एकदा विश्वास उडाला की खातं आख्खी वही फेकून देतं, मग खऱ्या फेऱ्याही खोट्या ठरतात. झाडं बघायला गेलीस ते खासगी, तसं लिहून मोकळी हो, त्यात लाजायचं काय?

नवरा धंद्याच्या कागदात एवढं लक्ष घालतो हे बायकांच्या वाट्याला फारसं येत नाही. तुझ्या मामीला मी आयुष्यात कधी विचारलं नाही की तू आज कुठे गेली होतीस. तिला त्याचं वाईट वाटत असे.

झोप मात्र पुरेशी घे. वर्षाअखेर एक्कावन्नच्या वर राहिलीस तर मी पेढे मागेन.

मामा


२१ ऑगस्ट

मामा,

बरेच महिने लिहिलं नाही. नोंदी हे पाठवतातच, त्यामुळे माझी खुशाली तुम्हाला किलोमीटरांत कळत असेल.

सहज एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिनंही आमच्यासारखीच गाडी घेतलीये. तिला धंदा बंद करून दुसरीकडे जायचंय. एकटीनं. तर तिचं काय होईल? म्हणजे पाच वर्षं व्हायच्या आधी सोडलं तर. तिला कुणी नीट सांगत नाही, सगळे नुसते घाबरवतात.

उत्तर सवडीनं द्या. पत्र लॅबच्या पत्त्यावर न पाठवता चार गल्ल्या पलीकडच्या आमच्या डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठवलंत तरी चालेल. पत्ता खाली लिहिलाय. इथे टपाल हल्ली हरवतं.

घारू


४ सप्टेंबर

घारू,

तुझ्या ओळखीच्या बाईला सांग, असला विचारही मनात आणू नकोस. दोन वर्षं होत आली असतील तर ऐन मधोमध अडकलीये. धंदा बंद केला की खातं मागचं उकरून काढतं, कर्जवाले वेगळे. कंबर मोडेल तिची. पाच वर्षं काढायची, दातओठ खाऊन. नंतर खुशाल कुठेही जा म्हणावं.

पत्ता वेगळा कशाला? टपाल हरवत असेल तर पोस्टमनला चार शब्द सुनाव. मी नेहमीच्याच पत्त्यावर लिहितोय.

आता तुझ्याबद्दल. वहीत दर गुरुवारी नदीकाठच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे फेरी आहे. जाऊन-येऊन एकशे अठ्ठावीस किलोमीटर. सात महिने झाले. या बाईंचं एकही बिल माझ्यापाशी नाही. सात महिन्यांत एकही कवळी नाही घेतली त्यांनी? या फेऱ्या खात्यानं नाकारल्या तर तू एक्कावन्नावरून सेहेचाळीसवर येतेस आणि सगळं मुसळ केरात. मी मागे दोनदा नोंदीच्या समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं, तू उत्तर दिलं नाहीस. तुला कामाच्या धबडग्यात जमत नसेल, म्हणून आज जावईबापूंनाच वेगळं पत्र टाकतोय. ते काटेकोर आहेत, लगेच शोधून काढतील.

मामा


२ ऑक्टोबर

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं. गुरुवारच्या फेऱ्यांबद्दल ह्यांनी चौकशी केली. त्या फेऱ्या आता बंद केल्या आहेत. वहीत नवीन रकाना घातला आहे, निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ. गाडी आता हेच चालवतात, मी शेजारी बसते. त्यामुळे मला आराम मिळतो. हे फार काळजी घेतात.

तुमच्या सल्ल्याबद्दल आभारी आहे.

आपली


१२ नोव्हेंबर

मामा,

हे पत्र तुम्हाला कवळीच्या डबीतून येतंय असं समजा. मी ते घडी घालून डबीत ठेवलंय, वर एक कवळी, आणि आमचे डॉक्टर ते तुमच्या पत्त्यावर टाकणार आहेत. तो खाली गाडीत बसलाय. मला वर यायला-जायला सहा मिनिटं मिळतात. म्हणून हे मी तीन खेपांत लिहितेय, डॉक्टरांच्या वाट बघायच्या खोलीत, मांडीवर.

मामा, तुमच्यावर मी फार चिडले होते. आता नाही. तुम्हाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तुमची सगळी पत्रं तो आधी वाचतो. पहिल्यापासून. म्हणून तर ओळखीची बाई काढावी लागली. ते पत्र डॉक्टरांकडून गेलं होतं, पण तुम्ही उत्तर घरी पाठवलंत. त्यानं ते मला वाचून दाखवलं. कुठली गं ही बाई, मला पण भेटव की, असं म्हणून हसला.

गुरुवारचं सांगते. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक रिकामी खोली आहे. एक खिडकी, एक मोरी, एक लांब दगडी ओटा. त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, इथे बसून काम करणार का, माझ्याकडे आणि आसपासच्या तिघांकडे कवळ्या करणारं कुणी नाही. तेव्हापासून दर गुरुवारी मी तिथे जाऊन तासभर बसायचे. काही करायचे नाही. ओट्यावर हात ठेवून बसायचे. किलोमीटर बरोबर यायचे, वेळेचा रकाना तेव्हा नव्हता. आठवड्यात तेवढा एकच तास कुठे लिहावा लागत नव्हता. बाईंनी किल्लीसुद्धा देऊन ठेवली होती.

तो मारत नाही, मामा. तुम्हाला वाटेल, मग काय झालं? मी दुकानातून काय आणलं, कुणाशी किती बोलले, फळवाल्याकडे दहा मिनिटं कशी लागली, हे सगळं तो विचारतो आणि म्हणतो, खात्याला दाखवायला लागेल. आता तो झोपायच्या आधी माझा दिवस मला वाचून दाखवतो. एकदा मी म्हटलं, मला जायचंय. तो म्हणाला, जा की. गाडीची पाच वर्षं संपव, कर्ज फेड, खात्याचं देणं दे, आणि जा. मामांनाच विचार. तुमचंच नाव सांगतो तो. आणि तुम्ही तसंच लिहिलं होतंत.

उत्तर डॉक्टरांच्या पत्त्यावर द्या. या वेळी तरी.

घारू


२८ नोव्हेंबर

बाळ घारू,

हे पाचवं पत्र आहे, आधीची चार फाडली. त्या वहीला मी शाबासकी दिली होती. त्याच्या सरळ ओळी बघून माझा जीव सुखावला म्हणालो होतो. मला माझीच शरम वाटते. मी माणसाकडे बघितलंच नाही, रकाने बघितले.

पण नुसतं रडून तुझं काय भलं होणार? दहा दिवस कायद्याची पुस्तकं काढून बसलो आणि वाट सापडली आहे. नीट ऐक. अट धंद्याला आहे, घराला नाही. तू धंदा बंद करू नकोस, हलव. गाडी आणि अवजारं घेऊन नदीकाठच्या त्या खोलीत जा. धंदा तुझ्या नावावर, गाडी धंद्याच्या नावावर, त्याचं काही चालणार नाही. आणि गंमत बघ, तो आणि त्याचं तळं गाडीतून उतरले की खासगी फेऱ्याच उरत नाहीत. तू त्याला सोडून गेलीस तर धंद्याचा वाटा थेट शंभर टक्के होतो! खातं बोट ठेवू शकणार नाही. फक्त वही चालू ठेव आणि डॉक्टरीणबाईंची बिलं जप. अजून तीन वर्षं रेटायची, बस.

किल्ल्या कुठे असतात?

मामा


१० जानेवारी

मामा,

तुमचं पत्र डॉक्टरांच्या टेबलाशी उभ्यानं वाचलं आणि शंभर टक्क्यांवर मला खरंच हसू आलं. कितीतरी दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, चांगली बातमी का?

किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. दुसरी जोडी त्याच्या भावाकडे. पण किल्ल्यांचं सोडा. मी तो गेंडा घेऊन गेले तर तो त्याच्या मागे येईल. माझ्या मागे नाही आला तरी त्याच्या मागे येईलच. आणि नाही आला, तरी मी रोज संध्याकाळी खाली जाऊन मीटर वाचायचं आणि आकडा लिहायचा? अजून तीन वर्षं?

मला एक वेगळंच विचारायचंय. इतकी वर्षं सगळे म्हणतात, कंबर मोडेल, बुडशील, खातं सोडणार नाही. तो म्हणतो, तुम्ही म्हणता, मीही म्हणते. पण म्हणजे किती? आपल्यापैकी कुणीच कधी आकडा काढला नाही. समजा मी गाडी कर्जवाल्यांना परत दिली, त्यांनी ती विकून आपलं घेतलं, आणि खात्याचं जे काय निघेल ते मी सरळ भरायचं ठरवलं. वाचवायचं काही नाही. वाट काढायची नाही. नुसतं भरायचं. तर किती?

मला पैशांत सांगू नका, मला घाबरायला होतं. कवळ्यांत सांगा. तुम्हाला माझा दर माहीत आहे, महिन्याला मी पंचवीस करते.

घारू


१९ जानेवारी

घारू,

चाळीस वर्षांत माझ्या टेबलासमोर बसून कुणी मला विचारलं नव्हतं की भरून टाकायचं झालं तर किती. आणि मीही कुणाला सुचवलं नाही. लोक वाचवायला यायचे आणि मी वाचवायचो.

पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडा काढला. दहा मिनिटं लागली. गाडी वर्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत घेतलीत तरी ते पहिलं वर्ष अख्खं धरतात. म्हणजे पाचातली तीन वर्षं झाली, दोनच उरली, आणि परत मागणार ते त्या दोन वर्षांपुरतं. मी मागे तुला पाचही वर्षांचा बाऊ करून सांगितला होता. चूक माझी. आकडा न काढता बोललो. तीन वर्षं रेट म्हणालो तेही त्याच सवयीनं. गाडी विकून कर्जातलं जे उरेल ते यात धरलंय, किंमत कमीच येईल असं समजून. खात्याकडून हप्तेही मागून घेता येतात. तो अर्ज मी करीन.

दोनशे बारा कवळ्या.

म्हणजे साडेआठ महिन्यांचं काम. साडेआठ, घारू. आपण तुला पाच वर्षांचा धाक दाखवला, आणि आहे तो साडेआठ महिन्यांचा.

सगळे कागद सोबत जोडलेत. जिथे फुली आहे तिथे सही कर. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला सांगतोय, कर भर. मनापासून सांगतोय.

मामा


६ मार्च

मामा,

पोचले.

कर्जवाल्यांना डॉक्टरांच्या फोनवरून मीच सांगितलं होतं, सोमवारी दहाला या. दोन माणसं मागे साखळी लावलेला ट्रक घेऊन आली. तो धावत खाली गेला, नुसत्या बनियनवर. मी वरून ऐकत होते. तो हसत नव्हता. मी त्याला पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. वही घेऊन गेला होता आणि त्या माणसांना रकाने दाखवत होता, बघा, एक दिवस चुकलेला नाही. त्यांतला एक म्हणाला, साहेब, आम्हाला याचं काय करायचंय, बाजूला व्हा.

मी भट्टी नेली नाही, जड होती. अवजारांची पेटी, मेणाच्या वड्या, दातांचे तक्ते आणि दोन जोडी कपडे. जिना उतरले. पहिल्या मजल्यावरच्या काकू दारात होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि पेटीची दुसरी कडी धरून खालपर्यंत आल्या.

तो समोर दहा पावलांवर होता. मी जायचं तर त्याच्या पाठीमागूनच जायला हवं होतं. काय बोलायचं ते महिनाभर घोकून ठेवलं होतं, मामा. सगळं पाठ होतं. तेवढ्यात ट्रकनं गाडीची पुढची चाकं उचलली, आणि तो दोन्ही हातांनी तिचं दार धरून तिच्याबरोबर चालायला लागला. मी त्याच्या मागून बसथांब्यापर्यंत गेले. बस यायला बारा मिनिटं लागली. तिथून आमचं दार सरळ दिसतं. ट्रक गेला तरी तो रस्त्याच्या मध्ये उभा राहून तिकडेच बघत होता. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बसमध्ये रडू येईल म्हणून रुमाल हातात धरून बसले होते. रडू आलं नाही, भूक लागली.

डॉक्टरीणबाईंनी ओट्यावर दिवा लावून दिलाय. भट्टी त्यांच्या ओळखीतून जुनी मिळाली, एका बाजूनं कमी तापते, पण चालतंय. काल दुपारी काम सोडून बाहेर पडले आणि नदीवर जाऊन बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही.

चौथी कवळी आज झाली. दोनशे आठ राहिल्या.

तुमची
घारू